भिंगरीची पेशी

३ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तू पोहोचलीस, खोली मिळाली, खिडकी पूर्वेला आहे, एवढं तुझ्या चिठ्ठीवरून कळलं. पण खिडकीला गज आहेत की नाहीत ते तू लिहिलं नाहीस. जिन्याला कठडा आहे का, तेही नाही. असं अर्धवट लिहिलं की उरलेलं मला मनाने भरून काढावं लागतं, आणि माझं मन चांगलं काही भरत नाही हे तुला माहीत आहे.

फोनचं म्हणशील तर फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, आणि ते निम्मं नेमकं काळजीचं असतं. तेव्हा पत्रच लिहीत जा. तुझी आजी म्हणते, "अहो, पोरगी संशोधनाला गेलीय, लढाईला नाही." तिचं बरं आहे. ती पाठ टेकली की घोरते.

गल्लीत सगळे विचारतात. न्हाव्याला मी ऐटीत सांगितलं, नात मोठ्या संस्थेत लागली. तो म्हणाला, "कशात?" मी म्हटलं, "आत." पुढचं मलाच ठाऊक नव्हतं. तो वस्तरा थांबवून माझ्याकडे बघत राहिला. तरी आत नेमकं काय करतेस ते सविस्तर कळव. मी सातवीपर्यंतच शिकलेला शिंपी आहे, पण सावकाश वाचलं की मला सगळं समजतं.

तुझा,
आबा

१० जून

प्रिय आबा,

नमस्कार. खिडकीला गज आहेत. जिन्याला कठडा आहे. मी धरूनच उतरते.

काम सुरू झालं! सोमवारी माझी पहिली पेशी झाली. बाई (आमच्या प्रमुख) शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, घाबरू नकोस, आता रोज पेशी असणार, सवय होईल. काम अंधाऱ्या खोलीत चालतं. आत जाताना फोन बाहेर काढून ठेवायचा. दारावर लाल दिवा लागला की कोणी आत येत नाही. एकदा बसलं की तासन्‌तास मान वर करायची सोय नाही.

माझ्याबरोबर आणखी एक मुलगी आहे. वर्षाअखेरीस दोघींपैकी एकीलाच ठेवणार, दुसरीला सोडणार. आबा, काहीही झालं तरी मला इथेच राहायचं आहे. त्यासाठी वाटेल ते करीन. तुम्ही मात्र उगीच काळजी करू नका.

तुमची,
भिंगरी

१४ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी दाराला कडी लावली. तुझ्या आईबापांना काही सांगितलेलं नाही. आजीलाही नाही, पण तिने माझ्या खिशातून पत्र काढून वाचलं आणि म्हणाली, "छान चाललंय की!" तिला त्या शब्दाचा अर्थच कळला नसावा.

जास्त लिहीत नाही. तुझी पत्रं आणखी कोण कोण उघडत असेल सांगता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे जाऊन आलो. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत. एक, कलम कुठलं लावलंय? दोन, जामिनाचं काय?

आणि दोघींतल्या एकीला सोडणार असतील तर तू पुढे हो. भिडस्तपणा करू नकोस. लहानपणीही तू सगळ्यांना आधी घोटभर पाणी देत बसायचीस आणि स्वतः तहानलेली राहायचीस.

धीर धर.
आबा

२१ जून

प्रिय आबा,

तुम्हाला झाडाझुडपांची एवढी आवड कधीपासून लागली? बरं वाटलं वाचून!

कलम वगैरे काही लावलेलं नाही. साधा कांदा घेतलाय. आणि जमिनीचं विचारलंत (तुमचं अक्षर लागत नाही हो, काने भलतीकडेच असतात), तर जमिनीची गरजच पडत नाही. नुसत्या पाण्यावर भागतं. वर झाकण, आत अंधार, झालं. भोवती पक्की भिंत असते, त्यामुळे आतलं काही सहजासहजी बाहेर येत नाही.

आता खरी बातमी. पुढच्या आठवड्यात मला मोठ्या यंत्राकडे नेणार आहेत! तिथे जिवंत काही चालत नाही, आधी मारावं लागतं. मग हिऱ्याच्या सुरीने अगदी पातळ काप करतात. वरून बघायचं असेल तर सोन्याचा मुलामा देतात. किती दिवस वाट बघत होते मी! आनंदाने झोप येत नाहीये.

भिंगरी

२४ जून

भिंगरे,

अन्नावरची वासना गेली आहे. आजी म्हणते दोन वेळा नीट जेवलात, पण ते मी बळेच जेवलो.

वकीलसाहेबांना पत्र वाचून दाखवलं. "जिवंत काही चालत नाही"पर्यंत आलो तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. सोन्याशी आलो तेव्हा पुन्हा पुसला. म्हणाले, "कलम न लावता कोंडलंय, पाण्यावर ठेवलंय, वर सोनं आणि हिरे. आजोबा, टोळी मोठी आहे." आजी मध्येच म्हणाली, "अहो, पण यात कांदा कुठून आला?" वकीलसाहेब म्हणाले, "ती खूण असणार."

आता नीट ऐक. कोणी काही विचारलं तर म्हणायचं, मला माहीत नाही. कशावरही सही करायची नाही. त्या मोठ्या यंत्राकडे न्यायला आले तर पोट दुखतंय म्हणून सांग. शाळेत असताना तुला ते चांगलं जमायचं. मी आणि वकीलसाहेब शनिवारच्या गाडीने निघतो आहोत. ते काळा कोट इस्त्रीला देऊन आले आहेत.

आबा

२६ जून

आबा, आबा, आबा!

कुठेही निघू नका. कोट परत कपाटात ठेवायला सांगा. पत्र बाईंना दाखवलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझंच चुकलं, मी अर्धवट लिहिलं.

पेशी म्हणजे कोर्टातली नव्हे हो! झाड, कांदा, तुम्ही, मी, आजी, सगळे ज्या बारीक बारीक खोल्यांचे बनलेले असतो त्या खोलीला पेशी म्हणतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. ती बघायची यंत्रं म्हणजे मायक्रोस्कोप, आणि ती चालवणं हे माझं काम. कोंडलेली पेशी आहे, मी नाही.

आता तुमच्या भाषेत सांगते. साधा मायक्रोस्कोप म्हणजे सुई ओवायला तुम्ही जे भिंग धरता तसलीच भिंगं, एकापुढे एक बसवलेली, खालून उजेड. त्यातून जिवंत पेशीसुद्धा दिसते. पण ती बहुतेक काचेसारखी आरपार असते, म्हणून कधी कधी तिला रंग द्यावा लागतो.

दुसरा अंधाऱ्या खोलीतला. यात असे रंग वापरतात की विशिष्ट प्रकाश पडला की ते स्वतःच चमकतात. पेशीतला जो भाग रंगवला तेवढाच निळा, हिरवा लकाकतो आणि बाकी काळोख. त्याचाच एक भाऊ लेसरवर चालतो. कापडाचा गठ्ठा न उलगडता मधलीच एक घडी बघता आली तर कसं, तसा तो पेशीचा आतला एकेक थर दाखवतो.

तिसरा मोठा. त्यात उजेड नसतोच, इलेक्ट्रॉनचा झोत असतो. आतली हवा काढून टाकलेली असते, म्हणून तिथे जिवंत काही चालत नाही. पण जे इतर दोघांना दिसत नाही ते त्याला दिसतं, तेही काळंपांढरं. हिऱ्याची सुरी पेशीचे काप करायला, माझे नाही. सोन्याचा मुलामाही पेशीलाच.

बाईंचा नियम आहे, आधी साध्यातून बघायचं, मग अंधारात, मग मोठ्याकडे. पायरी चुकवायची नाही. दोघींतल्या जिचं काम चोख ती राहणार. म्हणून मी जीव तोडून करतेय. इथे आमचा एकच वैरी, धूळ. अंधाऱ्या खोलीतल्या यंत्राची खोळ फाटली आहे आणि नवी अजून आलेली नाही.

आता जेवा.
भिंगरी

२ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

जीव भांड्यात पडला. तसं मला आतून वाटतच होतं. गोंधळ वकीलसाहेबांनी केला. कोटाच्या इस्त्रीचे पैसे मीच देतो म्हटलं तर ते रागावून वर निघून गेले.

न्हाव्याला सगळं समजावून सांगितलं, की आपण सगळे खोल्यांचे बनलेलो आहोत. तो म्हणाला, "मग भाडं कोण घेतं?" अडाणी माणूस.

धुळीचं वाचून मात्र पुन्हा काळजी लागली. एवढं महागाचं यंत्र, आणि अंगावर धड कपडा नाही? सोबत खोळ पाठवली आहे. बाहेरून पांढरं सुती, आतून मऊ फलालीन, यंत्राला टोचू नये म्हणून. माप तू पाठवलेल्या त्या फोटोवरून घेतलं, ज्यात तू यंत्राच्या बाजूला उभी आहेस. आधी निळीतून काढली, मग ती जाहिरातीतली शुभ्र करणारी पावडर घालून दोनदा धुतली. माझा सदरा, टोपी आणि रुमालही त्याच बादलीत काढले. अशी पांढरी झाली आहे की बघवत नाही. घाल तिला. जिचं काम चोख तीच राहणार ना? मग ही शिलाई चोख आहे.

आबा

ता. क. यांनी ही खोळ तीनदा उसवली आणि तीनदा शिवली. घालून टाक गं बाई त्या यंत्राला, नाहीतर मला रोज विचारतील की यंत्राला काखेत घट्ट तर होत नाही ना. आजी

९ ऑगस्ट

प्रिय आबा,

खोळ अगदी मापात बसली! बाई म्हणाल्या, यंत्र नवरदेवासारखं दिसतंय. महिनाभर आम्ही तीच वापरतोय.

आणि आता बसून वाचा. आम्हाला काहीतरी सापडलंय. कांद्याच्या मुळाच्या पेशी मी अंधारातल्या यंत्राखाली बघत होते. पेशींचे गाभे निळे चमकत होते, ते नेहमीचंच. पण एका पेशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असा एक लांबच लांब निळा धागा गेलेला दिसला! एकदा नाही, चार कापांत. असं कधी कुणी नोंदवलेलं नाही. बाई आधी खुर्चीवर बसल्या, मग उठून त्यांनी मला मिठी मारली. बाहेरून पाहुणे बोलावले आहेत, त्यांच्यासमोर मोठ्या यंत्रातून तो धागा दाखवायचा. हे जमलं तर माझी जागा पक्की.

फोटो पाठवते आहे. नीट जपून ठेवा.

भिंगरी

१४ ऑगस्ट

चि. भिंगरीस शंभर आशीर्वाद.

फोटो पाहिला आणि ऊर भरून आला. तो निळा धागा म्हणजे काय सांगू! उभा जन्म कापडात गेला माझा, सूत, रेशीम, लोकर सगळं हाताखालून गेलं, पण असली वस्तू मी बापजन्मात पाहिली नाही. निसर्गाची करणी माणसाच्या हाताला येत नाही हेच खरं.

फोटोला चौकट केली आणि न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी लावला. तिथे माणसाला मान हलवता येत नाही, म्हणून बघावंच लागतं. न्हावी जवळ गेला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "आबा, हा तर दोरा आहे." मी म्हटलं, "तू केस काप." तो म्हणाला, "नाही, खरंच, माझ्या या टॉवेलाचे निघतात तसला." मी अर्धी दाढी झालेली असताना उठून आलो. दुसरी बाजू आजीने आरसा धरून करवली. असल्या माणसांना विज्ञान कळायचं नाही.

पाहुण्यांसमोर ताठ बस.
आबा

२ सप्टेंबर

आबा,

उशीर झाला लिहायला. लिहावंसं वाटत नव्हतं.

पाहुण्यांसमोर मोठं यंत्र लावलं. पडद्यावर धागा आला. चपटा, पिळा पडलेला, फितीसारखा. एक पाहुणा म्हणाला, "कापूस आहे हा." कुणी हसलं नाही, तेच वाईट वाटलं. कुठल्याशा कापडाचा तंतू वर पडला आणि आम्ही त्याला शोध म्हटलं.

येत्या गुरुवारी माझी पेशी आहे. मोठ्या खोलीत, समोर चार जण बसणार. त्यावर माझी जागा अवलंबून आहे. तुम्ही काळजी करू नका.

भिंगरी

५ सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

एकदा कापूस निघाला म्हणून एवढं मनाला लावून घ्यायचं नाही. माझ्याही हातून एकदा पाटलोणीला तीन पाय झाले होते.

गुरुवारी पेशी आहे हे वाचून आनंद झाला. आता मी फसणार नाही! म्हणजे चार जण एकाच पेशीकडे बघणार. मग घाई करू नकोस. पेशी बुजरी असेल तर थोडा रंग लाव. आधी साध्यातून दाखव, मग अंधारात, मग मोठ्याकडे ने. बाईंचा नियम मी न्हाव्यालाही पाठ करवला आहे, जरी आमचं सध्या बोलणं नाही. चौघांना खुर्च्या नीट आहेत ना? आणि कांदा ताजा घे.

सगळं हसतखेळत होईल. मी इथे अगदी निर्धास्त आहे. आजीसुद्धा म्हणाली, तुम्हाला असं बघायची सवय नाही.

आबा

७ सप्टेंबर

आबा,

या वेळची पेशी तुमच्या वकीलसाहेबांवाली आहे.

चौकशी समिती बसली आहे. दुसऱ्या मुलीला नाही, मलाच बोलावलंय. त्यांना शंका आहे की जागा पक्की व्हावी म्हणून मी मुद्दाम धागा टाकला. धागा कुठून आला ते मला माहीत आहे. पण सांगणार नाही, कारण ज्याने तो पाठवला त्याने ती खोळ तीनदा उसवून शिवली होती.

भिंगरी

गुरुवार

मा. चौकशी करणाऱ्या साहेबांस,

मी बाहेर बाकावर बसलो आहे. शिपायाने आत सोडलं नाही म्हणून ही चिठ्ठी त्याच्याच हाती पाठवतो. मी आत जी मुलगी उभी आहे तिचा आजोबा. उभी असेल तर तिला आधी बसायला सांगा, सकाळपासून खाल्लेलं नसणार.

धागा माझा आहे. खोळ माझी, फलालीन माझं, मुलगी निर्दोष. यंत्राला टोचू नये म्हणून मऊ घेतलं, आणि मऊ कापडाचे तंतू निघतात हे शिंप्याला कळायला हवं होतं. फोटो पाहूनसुद्धा मी ओळखला नाही. न्हाव्याने ओळखला. त्याला बोलवायचं असेल तर तोही सोबत आलेला आहे, आमचं आता पुन्हा बोलणं आहे.

कलम लावायचं ते मला लावा. मला आता दोन्ही प्रकारच्या पेशी माहीत आहेत, मी भिणार नाही. (हात कापतोय तो वयाने.)

आपला नम्र,
शिंपी

११ सप्टेंबर

प्रिय आजी,

तू फोनवर विचारलंस, यांनी तिथे काय दिवे लावले. आजी, शब्दशः लावले गं. सगळं सांगते. आबा आणि न्हावीकाका आजच्या गाडीने निघाले आहेत.

मी आत पडल्या चेहऱ्याने बसले होते. अध्यक्ष विचारत होते, धागा आला कुठून, आणि मी गप्प. तेवढ्यात शिपाई चिठ्ठी घेऊन आला. अध्यक्षांनी मोठ्याने वाचली. "हात कापतोय तो वयाने"पर्यंत आले आणि त्यांनी कागद तोंडासमोर धरला. मग आबांना आत बोलावलं. काय रुबाब! पांढराशुभ्र सदरा, पांढरी टोपी, हातात पांढरा रुमाल.

"आजोबा, तुम्ही म्हणता कापड तुमचं. पण कापूस असा निळा चमकतो होय?"

"चमकेल नाहीतर काय! नीळ घातली, पावडर घातली, दोनदा. हा सदरा त्याच बादलीतला आहे, हात लावून बघा."

बाई ताडकन उठल्या. "सर, सगळे जरा अंधाऱ्या खोलीत चला. आजोबा, तुम्हीसुद्धा."

आबा माझ्या कानात म्हणाले, "भिंगरे, कबूल केल्यावरही अंधारात नेतात का गं?"

दार लागलं. काळोख झाला. बाईंनी तो खास दिवा लावला, आणि आजी, आबा पेटले! सदरा निळा, टोपी निळी, रुमाल निळा, ट्यूबलाइटसारखे. चेहरा नाही, हात नाहीत, नुसते कपडे अधांतरी उभे. सदऱ्याची टीप आणि टीप दिसत होती. त्या कपड्यांमधून आवाज आला, "कुणीतरी दिवा लावा, मला आमची भिंगरी दिसत नाही."

अध्यक्ष भिंतीला टेकून हसले. "हा तुमचा नवा धागा. पायांनी चालत आलाय." न्हावीकाका दारातून म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं."

कापडाला पांढरं दाखवणाऱ्या पावडरीत असलंच चमकणारं काहीतरी असतं गं. म्हणून तो तंतू आमच्या रंगासारखाच निळा दिसला.

मग उजेडात अध्यक्षांनी मला एकच विचारलं. "आधी साध्या मायक्रोस्कोपातून का नाही बघितलंस? तिथे कापूस कापसासारखाच दिसला असता."

मी म्हटलं, "फार आनंद झाला होता, सर."

बाई खाली बघत म्हणाल्या, "मलाही."

निकाल असा लागला की लबाडी नाही, उतावळेपणा आहे, आणि तो बाईंचा आणि माझा, दोघींचा. मी राहतेय आजी! दुसऱ्या मुलीला तिच्या घराजवळ काम मिळालं, ती तर आधीच खूश होती. खोळ मात्र बाहेर काढली. ती आता बाईंच्या खुर्चीच्या पाठीवर आहे. आणि तो धागा असलेली काच आम्ही नव्या मुलांना दाखवायला ठेवली आहे. खाली लिहिलंय, "हा शोध नव्हे."

निघण्याआधी आबांना त्यांची पेशी दाखवली. गालाच्या आतून कापसाच्या काडीने पुसून घेतलं, काचेवर लावलं, निळ्या रंगाचा थेंब टाकला, साध्या मायक्रोस्कोपाखाली ठेवलं. ते बराच वेळ वाकून होते. मग म्हणाले, "हा मी?" मी म्हटलं, "हो, त्यातला एक." म्हणाले, "किती शांत बसलाय. मी असा कधी बसलो नाही."

त्या पेशीचा फोटो त्यांच्यासोबत दिला आहे.

तुझी,
भिंगरी

१८ सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

सुखरूप पोहोचलो. गाडीत न्हाव्याने माझ्या सदऱ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं की हे अंधारात पेटतात. एका बाईंनी पोराला माझ्यापासून लांब बसवलं.

वकीलसाहेब जिन्यात भेटले. म्हणाले, "झाली का नातीची पेशी?" मी म्हटलं, "तिची झाली, आणि माझीही झाली." त्यांनी चष्मा काढून पुसला. मी थांबलो नाही.

तू तिथे राहणार हे ऐकून आजी म्हणाली, "आता तरी झोपा." मी त्या रात्री खरंच पाठ टेकल्या टेकल्या झोपलो. ती मात्र जागी राहिली, मला काही झालं तर नाही ना म्हणून.

माझ्या पेशीच्या फोटोला चौकट करून जुन्याच खिळ्यावर, आरशाशेजारी लावला. न्हावी जवळ गेला, डोळे बारीक केले. मग म्हणाला, "आबा, रागावणार नसाल तर सांगतो. मला हे उकडलेल्या अंड्याचं कापलेलं अर्धुक दिसतंय."

या वेळी मी उठून आलो नाही. दाढी पुरी करून घेतली. गेल्या खेपेला त्याचं ऐकलं नाही आणि काय झालं ते आपण पाहिलं. तरी तू एवढं कर. ती काच असेल तर पुन्हा एकदा बघ. आधी साध्यातूनच. त्या दिवशी टेबलावर कुणाचा डबा उघडा नव्हता ना, तेही आठवून बघ.

मीच आहे ना तो, एवढंच उलट टपाली कळव.

तुझा,
आबा